डीव्हीडी प्लेअरवर डिस्कमधील गाणी आणि फोटो कसे लावावेत

घरातल्या टीव्हीखालच्या कप्प्यात डीव्हीडी प्लेअर अजून चालू स्थितीत असेल, तर त्याचा उपयोग लग्नाची डीव्हीडी किंवा एखादा चित्रपट लावण्यापुरताच ठेवण्याचे कारण नाही. संगणकावर साठवलेली एमपीथ्री गाणी आणि जेपीईजी छायाचित्रे कोऱ्या डिस्कवर उतरवून घेतली, की ती त्याच प्लेअरवरून टीव्हीवर ऐकता आणि पाहता येतात. घरातील ज्येष्ठ मंडळींसाठी ही सोय विशेष उपयोगाची आहे. मोबाइलच्या लहान पडद्यावर बोट भलतीकडे लागून गाणे बंद पडते, मध्येच जाहिरात सुरू होते, इंटरनेट गेले की सगळेच थांबते. रिमोटवरची चार-पाच बटणे मात्र त्यांच्या सवयीची झालेली असतात. गावाकडच्या ज्या घरात मोबाइलची रेंज एका खिडकीपाशीच मिळते, तिथे रोज पहाटे डिस्कवरची काकड आरती न अडता लागते, याचे मोल मोठे आहे.

असे असूनही अनेक घरांत हा प्रयोग एकदा होतो, पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी अक्षरे येतात आणि प्लेअर बिघडला असे समजून विषय संपतो. बहुतेक वेळा प्लेअर ठणठणीत असतो आणि दोष डिस्क तयार करण्याच्या पद्धतीत असतो. संगणक जवळजवळ कोणतीही फाइल उघडतो, कारण त्यात हवा तो नवा प्रोग्राम घालता येतो. प्लेअरमधील चिपला कारखान्यातून निघताना जेवढे प्रकार वाचता येत होते, तेवढेच तिला आजही वाचता येतात. म्हणून खरे काम संगणकापाशीच करायचे असते आणि ते प्लेअरची कुवत ओळखून करायचे असते.

प्लेअरची कुवत

प्रथम प्लेअरच्या दर्शनी भागावरील चिन्हे पाहावीत. तिथे ‘एमपीथ्री’, ‘जेपीईजी’, ‘डब्ल्यूएमए’ किंवा ‘कोडॅक पिक्चर सीडी’ यांपैकी काही छापलेले असेल, तर आपले काम होण्यासारखे आहे. सोबतची माहितीपुस्तिका सापडली तर फारच उत्तम, कारण कोणत्या डिस्क चालतात, एका डिस्कवर जास्तीत जास्त किती फाइल आणि किती फोल्डर ओळखले जातात, फोल्डरच्या आत फोल्डर किती पातळ्यांपर्यंत चालतो, हे सर्व त्यात दिलेले असते. पुस्तिका हरवली असेल तर प्लेअरच्या मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांक इंटरनेटवर शोधून ती बहुधा मिळवता येते.

डिस्कची निवड करताना थोडे तांत्रिक ज्ञान असलेले बरे. सीडी वाचण्यासाठी 780 नॅनोमीटरचा अवरक्त लेसर लागतो, तर डीव्हीडी 650 नॅनोमीटरच्या लाल लेसरने वाचली जाते. घरी लिहिण्याच्या सीडी-आरमध्ये जे रंगद्रव्य असते, ते लाल लेसरचा प्रकाश पुरेसा परत पाठवत नाही. त्यामुळे अगदी सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरवर दुकानातून विकत आणलेली गाण्यांची सीडी चाले, पण घरी लिहिलेली चालत नसे. पुढे प्लेअरमध्ये दोन्ही लेसरची सोय झाली आणि ही अडचण मिटली. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती पडलेल्या प्रकाशापैकी साधारण 15 ते 25 टक्केच परत पाठवते, तर सीडी-आर 65 टक्क्यांहून अधिक पाठवते. लेन्स जुनी झाली किंवा तिच्यावर धूळ बसली, की सर्वांत आधी आरडब्ल्यू डिस्क वाचणे बंद होते. म्हणून आरडब्ल्यू डिस्क घरच्या चाचणीपुरती वापरावी आणि दुसऱ्याच्या हाती द्यायची डिस्क सीडी-आरवरच लिहावी.

डीव्हीडी-आरवर 4.7 जीबी जागा असते आणि सीडी-आरवर 700 एमबी. सातपट जागेचा मोह होतो, परंतु जुन्या प्लेअरपैकी काही प्लेअर एमपीथ्री आणि जेपीईजी फाइल फक्त सीडीवरूनच वाचतात; डीव्हीडी घातली की त्यात चित्रपटच असणार, असे ते गृहीत धरतात. त्यामुळे पहिली डिस्क सीडी-आरचीच करावी. ती व्यवस्थित चालली, तर नंतर डीव्हीडी-आरवर करून पाहायला हरकत नाही.

गाण्यांच्या फाइल

दुकानातून आणलेली गाण्यांची सीडी आणि एमपीथ्री फाइलची सीडी दिसायला सारखी असली, तरी आतून त्या अगदी भिन्न आहेत. पहिलीत ध्वनी जसाच्या तसा, न दाबता साठवलेला असतो. त्याला मिनिटाला सुमारे 10 एमबी जागा लागते आणि संपूर्ण सीडीत जेमतेम 80 मिनिटे मावतात. एमपीथ्रीमध्ये कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून ध्वनी दाबलेला असतो. सेकंदाला 128 किलोबिट या दराने केलेल्या एमपीथ्रीला मिनिटाला 1 एमबीहूनही थोडी कमी जागा लागते, म्हणजे पाच मिनिटांची सुमारे 145 गाणी एका सीडीत बसतात. हाच दर 192 केला तर सुमारे 97 आणि 320 केला तर सुमारे 58 गाणी बसतात. टीव्हीच्या स्पीकरवर ऐकायचे असेल तर 192 चा दर मला सर्वांत योग्य वाटतो. सतार, सारंगी किंवा तंबोऱ्याची साथ असलेल्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात 128 च्या दराने तारांची झिलई स्पष्टपणे कमी होते, आणि 192 व 320 मधला फरक टीव्हीवर क्वचितच कळतो. प्लेअरला चांगला अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जोडलेले असतील, तर जागेची काटकसर न करता 320 च ठेवावा.

फाइल एमपीथ्रीच आहे, याची खात्री करून घेणे फार महत्त्वाचे आहे. स्वतः विकत घेतलेल्या सीडीवरून संगणकावर गाणी उतरवताना विंडोज मीडिया प्लेअर ती डब्ल्यूएमए स्वरूपात साठवू शकतो, म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये आधीच एमपीथ्री निवडून ठेवावे. आयफोन किंवा आयट्यून्सवरील गाणी अनेकदा एम-फोर-ए स्वरूपात असतात; व्हॉट्सअॅपवर आलेले ध्वनिसंदेश ओपस स्वरूपात असतात. ही दोन्ही स्वरूपे बहुतेक डीव्हीडी प्लेअरना कळत नाहीत. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये अशी फाइल उघडून ती एमपीथ्री म्हणून नव्याने साठवावी लागते. केवळ फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून तिथे एमपीथ्री लिहिल्याने आतला मजकूर बदलत नाही. उलट, प्लेअर ती फाइल एमपीथ्री समजून वाजवू लागला, तर अचानक मोठा कर्कश आवाज येऊन स्पीकर खराब होण्याची शक्यता असते.

कीर्तन, प्रवचन किंवा संपूर्ण नाटक यांच्या दीड-दोन तासांच्या फाइलबाबत थोडा विचार करावा. अनेक प्लेअर एमपीथ्री फाइल मधूनच सुरू करू शकत नाहीत, आणि प्लेअर बंद केल्यावर कुठे थांबलो होतो हेही लक्षात ठेवत नाहीत. आजोबांनी काल अर्ध्यावर सोडलेले कीर्तन आज पुन्हा नमनापासून ऐकावे लागते. अशा फाइलचे वीस-वीस मिनिटांचे भाग करावेत, आणि भाग तोडताना वाक्य पूर्ण होईल किंवा टाळ्या पडतील अशी जागा निवडावी. रागगायनाला मात्र हा नियम लावू नये. दोन एमपीथ्री फाइलच्या मध्ये प्लेअर क्षणभर थांबतो, आणि विलंबितातून द्रुतात जाताना पडलेला तेवढासा खंडही ऐकणाऱ्याला खटकतो. एका रागाची एकच फाइल ठेवावी.

छायाचित्रे तयार करताना

सर्वांत जास्त अडचणी छायाचित्रांच्या बाबतीत येतात, आणि सर्वांत जास्त समाधानही त्यातूनच मिळते, म्हणून इथे वेळ द्यावा.

आजच्या साध्या मोबाइलचे छायाचित्रही 4000 गुणिले 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख बिंदूंचे असते. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या एव्ही केबलने जोडलेला प्लेअर आपल्याकडच्या पाल पद्धतीत टीव्हीला 720 गुणिले 576, म्हणजे सुमारे 4 लाख 15 हजार बिंदूच पाठवू शकतो. बाकीचे सारे बिंदू वाचायचे, मोजायचे आणि टाकून द्यायचे, एवढेच काम प्लेअरच्या वाट्याला येते. सीडीचा मूळ वाचनवेग सेकंदाला 150 केबी असतो. त्या वेगाने साडेचार एमबीचे एक छायाचित्र वाचायला अर्धा मिनिट लागते. प्रत्यक्षात प्लेअर याहून जलद वाचू शकतो, तरीही मूळ आकाराची छायाचित्रे घातल्यावर प्रत्येक फोटोपूर्वी काळा पडदा बराच वेळ का राहतो, हे यावरून लक्षात येईल. काही प्लेअर तर ठरावीक आकारापेक्षा मोठे छायाचित्र दाखवतच नाहीत.

उपाय सोपा आहे. एव्ही केबलसाठी छायाचित्राचा आकार 1024 गुणिले 768 आणि एचडीएमआय केबलसाठी 1440 गुणिले 1080 करून घ्यावा. इरफानव्ह्यू या मोफत प्रोग्राममध्ये संपूर्ण फोल्डरचे काम एकाच वेळी होते. लहान केलेली छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये साठवावीत. मूळ छायाचित्रांना हात लावू नये.

साठवताना आणखी एक गोष्ट पाहावी. जेपीईजी फाइल दोन प्रकारे लिहिली जाते. साध्या प्रकारात चित्र वरून खाली ओळीओळीने उलगडते, तर ‘प्रोग्रेसिव्ह’ प्रकारात संपूर्ण चित्र आधी अस्पष्ट दिसते आणि मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट होते. दुसरा प्रकार संथ इंटरनेटसाठी सोयीचा असल्यामुळे संकेतस्थळांवरून उतरवलेली अनेक छायाचित्रे तशी असतात, आणि बरेच डीव्हीडी प्लेअर तीच नेमकी दाखवू शकत नाहीत. संगणकावर दोन्ही सारखीच दिसत असल्याने शंकाही येत नाही. इरफानव्ह्यूमध्ये साठवताना ‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दासमोरची खूण काढून टाकली, की प्रश्न मिटतो. छपाईसाठी तयार केलेल्या पत्रिकेची किंवा अल्बमच्या पानांची फाइल छापखान्याच्या चार रंगांच्या पद्धतीत असू शकते. तीही प्लेअरला कळत नाही, म्हणून छायाचित्रकाराकडून मागतानाच ‘टीव्हीवर पाहायची आरजीबी जेपीजी’ असे स्पष्ट सांगावे. आयफोनच्या कॅमेऱ्यात 2017 पासून एचईआयसी हे नवे स्वरूप आले आहे. त्या फाइलही आधी जेपीईजीमध्ये बदलाव्या लागतात.

उभे छायाचित्र टीव्हीवर आडवे झोपलेले दिसणे, ही नेहमीची तक्रार आहे. मोबाइल उभा धरून फोटो काढला, तरी आतील सेन्सर चित्र बहुधा आडवेच लिहितो आणि ‘हे दाखवताना एवढे फिरवा’ अशी एक टीप फाइलमध्ये जोडतो. मोबाइल आणि संगणक ती टीप वाचून चित्र सरळ दाखवतात. जुना प्लेअर ती वाचत नाही. आकार लहान करतानाच छायाचित्र खरोखर फिरवून साठवले जाईल असा पर्याय निवडावा आणि चार-दोन उभी छायाचित्रे चाचणी डिस्कवर घालून पाहून घ्यावीत. रिमोटवरच्या बाणांच्या बटणांनीही चित्र फिरवता येते, परंतु प्रत्येक उभ्या फोटोला आजीने बटण दाबत बसावे, हे काही बरे नव्हे.

जुन्या कागदी छायाचित्रांसाठी स्कॅनर वापरावा. 4 गुणिले 6 इंचांचा फोटो 300 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 300 बिंदू घेऊन, स्कॅन केला, की 1200 गुणिले 1800 बिंदूंचे चित्र मिळते आणि ते टीव्हीसाठी पुरून उरते. अल्बममध्ये चिकटलेला फोटो ओढून काढू नये. संपूर्ण पान स्कॅन करून संगणकावर कापून घ्यावे.

नावे आणि क्रम

प्लेअरच्या चिपमध्ये देवनागरी अक्षरांचा साठा सहसा नसतो. फाइलचे नाव मराठीत दिले, तर संगणकावर ते सुंदर दिसते आणि टीव्हीवर त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची किंवा चौकटींची रांग उमटते. काही प्लेअरवर ती फाइल सुरूच होत नाही. म्हणून फाइल आणि फोल्डर यांची नावे रोमन लिपीत, छोटी आणि टिंब किंवा इतर चिन्हे न घालता द्यावीत. पडद्यावर नावाची पहिली काही अक्षरेच दिसतात, त्यामुळे वेगळेपणा सांगणारा शब्द सुरुवातीलाच यायला हवा. शंभर गाण्यांची नावे जर गायकाच्या नावानेच सुरू होत असतील, तर पडद्यावर शंभर सारख्याच ओळी दिसतील. छायाचित्राच्या फाइलला शेवटी ‘जेपीईजी’ अशी चार अक्षरे असतील, तर ती ‘जेपीजी’ अशी तीन करावीत, कारण काही प्लेअर चार अक्षरी शेपूट ओळखत नाहीत.

क्रमासाठी नावाच्या सुरुवातीला अंक द्यावेत, आणि ते 1, 2, 3 असे न देता 01, 02, 03 असे द्यावेत. प्लेअर नावे अक्षरांप्रमाणे लावतो. त्याच्या दृष्टीने 1 नंतर 10 येतो आणि मग 2. गणेशोत्सवातील आरत्यांची डिस्क केली, तर ही गोष्ट लगेच अंगावर येते. सर्व घर ताम्हन घेऊन उभे असताना गणपतीच्या आरतीनंतर शंकराची, मग देवीची, असा प्रत्येक घराचा ठरलेला क्रम असतो, आणि दुसऱ्याच स्थानावर मंत्रपुष्पांजली सुरू झाली तर सगळ्यांचाच गोंधळ उडतो. शंभराहून अधिक छायाचित्रे असतील तर 001 पासून तीन अंकी क्रमांक द्यावेत.

फोल्डर मोजके ठेवावेत. भक्तिगीते, भावगीते, नाट्यसंगीत, अशी एकाच पातळीवरची सहा-सात फोल्डरे रिमोटने चटकन सापडतात. फोल्डरच्या आत फोल्डर करत गेल्यास ज्येष्ठांना बाहेर पडण्याची वाट सापडत नाही. गाणी आणि छायाचित्रे यांच्या शक्यतो स्वतंत्र डिस्क कराव्यात. गाण्यांच्या फोल्डरमध्ये संगणकाने स्वतःहून ठेवलेले मुखपृष्ठाचे लहान, लपवलेले चित्र नाही ना, हेही पाहावे, नाहीतर तेच चित्र टीव्हीवर फोटो म्हणून उगवते.

फाइलचे नाव मराठीत देता येत नसले, तरी मराठी अक्षरे पडद्यावर आणण्याचा एक चांगला मार्ग आहे. पेंटसारख्या प्रोग्राममध्ये गडद पार्श्वभूमीवर मोठ्या अक्षरांत ‘गणेशोत्सव 1998’ किंवा ‘आत्याचे लग्न, सातारा’ असे लिहून ते जेपीईजी चित्र म्हणून साठवावे आणि त्या प्रसंगाच्या छायाचित्रांच्या आधीचा क्रमांक द्यावा. प्लेअरच्या दृष्टीने तो एक फोटोच असतो. त्याच रीतीने गाण्यांची अनुक्रमणिकाही चित्ररूपाने देता येते. जुने टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापतात, म्हणून अक्षरे कडेपासून बरीच आत ठेवावीत.

डिस्क लिहिणे

आता बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्कचा कप्पा नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर वापरावा लागतो. विंडोजमध्ये कोरी डिस्क घातल्यावर दोन पर्याय समोर येतात. पहिला ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ आणि दुसरा ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’. संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त लोक अडतात ते याच ठिकाणी. पहिल्या पर्यायाने डिस्कवर जी रचना होते ती संगणकासाठी असते, आणि तशी डिस्क बहुतेक डीव्हीडी प्लेअरना रिकामी किंवा अनोळखी वाटते. आपल्याला दुसराच पर्याय घ्यायचा आहे. त्यानंतर तयार केलेली फोल्डरे डिस्कच्या खिडकीत ओढून आणावीत आणि सर्व काही जागेवर असल्याची खात्री करून मगच डिस्क लिहिण्याची आज्ञा द्यावी. सर्व फाइल गाण्यांच्या असल्या, तर ऑडिओ सीडी करायची की डेटा सीडी, असे विचारले जाऊ शकते. तिथे डेटा सीडी निवडावी, नाहीतर एमपीथ्री पुन्हा उलगडून 80 मिनिटांतच डिस्क भरेल.

इमगबर्न, किंवा लिनक्सवरील के-थ्री-बी आणि ब्रासेरो यांसारख्या प्रोग्राममध्ये फाइलरचना स्वतः निवडता येते. तिथे आयएसओ 9660 आणि जॉलिएट ही जोडी निवडावी. नुसत्या जुन्या आयएसओ रचनेत नाव आठ अक्षरे आणि तीन अक्षरांचे शेपूट एवढ्यातच बसवावे लागते. जॉलिएटमध्ये 64 अक्षरांपर्यंत नावे चालतात. डिस्क ‘फायनलाइज’ किंवा ‘क्लोज’ करण्याचा, म्हणजे पुढच्या लिखाणासाठी बंद करण्याचा पर्याय चालू ठेवावा. आज वीस गाणी लिहायची आणि राहिलेल्या जागेत पुढच्या महिन्यात आणखी घालायची, असे संगणकावर जमते, परंतु काही प्लेअर पहिल्या वेळी लिहिलेला भागच वाचतात. कोरी सीडी महाग नाही, तेव्हा जे लिहायचे ते एकदाच लिहावे.

लिहिण्याचा वेग कमाल ठेवू नये. सीडी-आरसाठी 16एक्स ते 24एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या 16 ते 24 पट, मला भरवशाचा वाटतो. डिस्क काठोकाठ भरू नये. सीडीवरील मजकूर मध्यापासून बाहेरच्या कडेकडे लिहिला जातो, आणि बोटांचे ठसे व ओरखडे मुख्यतः त्या कडेवरच पडतात. 600 ते 650 एमबीवर थांबले, तर ती नाजूक कड मोकळी राहते. लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय असेल तर तो जरूर वापरावा.

डिस्कवर नाव घालायचे तर मऊ टोकाचा, सीडीसाठीचा मार्कर घ्यावा. सीडीचा चमकणारा थर लिहिण्याच्या बाजूला पातळ लाखेच्या आवरणाखालीच असतो, त्यामुळे बॉलपेनने दाबून लिहिले तर खालून स्वच्छ दिसणारी डिस्कही निकामी होते. डीव्हीडीत हा थर 0.6 मिलिमीटरच्या दोन तबकड्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. कागदी लेबल कशावरच चिकटवू नये. ते वेगाने फिरताना तोल बिघडवते आणि उष्णतेने सुटून प्लेअरमध्ये अडकू शकते.

प्लेअरवर लावताना

डिस्क घातल्यावर प्लेअर सर्व फाइलची यादी आधी वाचतो, त्यामुळे फाइल जास्त असतील तर अर्धा-एक मिनिट थांबावे लागते. तेवढ्यात पुन्हा पुन्हा बटणे दाबू नयेत. मग पडद्यावर फोल्डरांची यादी येते. वर-खाली बाणांनी फोल्डर निवडून ‘एंटर’ किंवा ‘ओके’ दाबले, की आतील फाइल दिसतात. काही प्लेअर गाणी, छायाचित्रे आणि चलचित्रे यांच्या वेगवेगळ्या याद्या करतात; छायाचित्रे दिसत नसतील तर यादी बदलण्याचे चिन्ह पडद्याच्या वरच्या भागात शोधावे. डिस्कवर सामान्य ऑडिओ सीडीचा भाग आणि एमपीथ्री फाइल दोन्ही असतील, तर प्लेअर बहुधा ऑडिओ भागच वाजवतो.

छायाचित्रे आपोआप बदलत राहण्याचा अवधी सेटिंगमध्ये कमी-जास्त करता येतो. 5 सेकंदांनी चित्र बदलले, तर 200 छायाचित्रे साधारण 17 मिनिटांत पाहून होतात. एका बैठकीला इतकी पुरेत. म्हणून एका डिस्कवर हजार फोटो भरण्यापेक्षा निवडून दोनशे घ्यावेत, म्हणजे पाहुणे कंटाळत नाहीत आणि पाहणाऱ्याला माणसे ओळखायला वेळ मिळतो. काही प्लेअरवर गाणे चालू असताना छायाचित्रांचा फोल्डर उघडला, तर दोन्ही एकत्र चालतात. चेहरे ताणलेले किंवा दबलेले दिसत असतील तर सेटिंगमधील टीव्हीचा आकार 4:3 आणि 16:9 यांपैकी योग्य तो निवडावा. चित्र काळे-पांढरे दिसत असेल किंवा वर-खाली सरकत असेल, तर पाल आणि एनटीएससी या टीव्ही चित्राच्या दोन पद्धतींची निवड तपासून ती पाल किंवा ऑटोवर आणावी. प्लेअर डिजिटल केबलने अॅम्प्लिफायरला जोडला असेल आणि एमपीथ्रीचा आवाज येत नसेल, तर डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर ठेवून पाहावे.

प्लेअरला यूएसबीची जागा असेल, तर हीच फोल्डरे पेनड्राइव्हवर घालता येतात. त्यासाठी पेनड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉर्मॅट केलेला असावा. एनटीएफएस आणि एक्सफॅट अनेक प्लेअर वाचत नाहीत. चाचणीसाठी हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, कारण फाइलचे स्वरूप, नावे आणि क्रम यांतील चुका डिस्क खर्ची न घालता कळतात.

चालले नाही तर

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी दुकानातून विकत घेतलेली एखादी डिस्क लावावी. ती चालली आणि आपली चालली नाही, तर आपली डिस्क संगणकात घालून पाहावी. संगणकावर उघडते पण प्लेअरवर अनोळखी ठरते, तर फाइलरचना चुकली आहे किंवा डिस्क बंद केलेली नाही. यादी दिसते पण काही गाणी वगळली जातात, तर त्या फाइल एमपीथ्री नाहीत किंवा त्यांच्या नावात चालत नसलेली अक्षरे आहेत. सगळी गाणी वाजतात आणि शेवटची पाच-सहाच अडखळतात, तर बाहेरची कड मळली आहे. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवून पुसू नये, कारण मजकुराच्या दिशेने गेलेला ओरखडा आडव्या ओरखड्यापेक्षा जास्त नुकसान करतो. गाण्याची वेळ चुकीची दिसत असेल, पण गाणे नीट वाजत असेल, तर ती फाइल बदलत्या दराने दाबलेली आहे आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात, विशेषतः एसीच्या थंड खोलीतून प्लेअर दमट खोलीत आणल्यावर, लेन्सवर बाष्प साचते आणि कालपर्यंत चालणारी डिस्क आज वाचली जात नाही. अशा वेळी डिस्क बाहेर काढून प्लेअर तास-दोन तास नुसता चालू ठेवावा. त्यानंतरही विकत घेतलेल्या डिस्कसुद्धा अडू लागल्या, तर बारीक कुंचला असलेली लेन्स स्वच्छ करण्याची डिस्क एकदा फिरवून पाहावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर प्लेअर दुरुस्तीला न्यावा. नेताना घरी लिहिलेली एक आणि विकत घेतलेली एक, अशा दोन्ही डिस्क बरोबर ठेवाव्यात, म्हणजे कारागिराला दोन्ही तिथेच लावून पाहता येतील.